दोन्ही हात

"मग बुवा, आज चिपळ्या माझ्या हातात देणार ना?"

सिलास अजून उंबऱ्याबाहेरच होता. त्याचा प्रश्न आधी आत आला.

यिर्मयाबुवा खाटेवर बसून आल्याचा काढा फुंकत होते. ख्रिस्ती कीर्तन करता करता म्हातारे झालेले बुवा. गोदाकाठच्या मंडळ्यांमध्ये त्यांचं नाव होतं, पण यंदा घसा बसला तो बसलाच. आणि आज सुगीचा सण. नवं धान्य वेदीपुढं ठेवून देवाचे आभार मानायचा दिवस. कीर्तनाला कुणी तरी उभं राहायलाच हवं होतं.

कुणी तरी म्हणजे कोण, हे सिलासनं कधीच ठरवून टाकलं होतं.

गुणी होता तो, खोटं कशाला बोला? गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडावं. नवं भजन रचून तयार होतं. बाहेर तबल्यावर हातोडी पडत होती. बाया डोक्यावर भोपळे घेऊन निघाल्या होत्या, पाय बांधलेल्या कोंबड्या गल्ली डोक्यावर घेत होत्या.

बुवांनी वाटी खाली ठेवली. आवाज नव्हता, नुसती फुंकर होती.

"यंदा तुला काय मिळालं?"

सिलासनं यादीच सुरू केली. देवळाच्या छपराला पत्रे त्यानं दिले. बर्नबाचं रान त्याच्या बैलांनी नांगरून दिलं. प्रीतिभोजनात तो सगळ्यांना वाढतो, खरकटी भांडी घासतो आणि शेवटी घरून बांधून आणलेली भाकरी एका कोपऱ्यात बसून खातो.

"मिळालं काय, ते विचारलं."

"मी कुणाचं काही घेत नाही, बुवा." हे सांगताना त्यानं नजर खाली घातली. नम्र माणसानं घालावी तशी. अगदी सराव केल्यासारखी.

"मग आभार कसले मानणार?"

"...देवाचे."

"त्याचं तरी घेतलंस का कधी?"

सिलासची नजर खुंटीवरच्या चिपळ्यांकडं गेली.

"जा," बुवा म्हणाले. "कुणाच्या तरी दारात उभा राहा आणि माग. फेडता येणार नाही असं काही तरी. देवळाची दुसरी घंटा व्हायच्या आत आण, चिपळ्या तुझ्या."

एवढंच? सिलास उड्या मारतच बाहेर पडला.

बर्नबा त्याला बघून हसत सुटला. सिलास मागायला आला, ही गंमत त्यानं बायकोला हाका मारून सांगितली. मग बाजरीचं अख्खं पोतंच पुढं ढकललं. तुझ्याच बैलांनी पिकवलंय, म्हणाला, तुझंच आहे. पुढच्या घरी अंडी मिळत होती, तर तिथं पोरीच्या आजारपणात सिलासनं केलेली धावपळ निघाली. ज्या दारात जावं तिथं त्याचाच उपकार ओटी भरून परत येत होता. सगळी फेड. मिळालेलं असं काहीच नाही.

पहिली घंटा झाली.

आता गल्लीच्या टोकाचं एकच घर उरलं होतं. केराबाईचं.

केराबाईवर त्याचा छदामाचा उपकार नव्हता. उलट मागच्या नाताळात तिची झांज ठेक्याबाहेर गेली, तेव्हा भर उपासनेत त्यानं ती तिच्या हातातून काढून घेतली होती. तेव्हापासून म्हातारी शेवटच्या रांगेत बसायची, हात पदरात गुंडाळून.

त्या दाराशी जाण्यापेक्षा चिपळ्या गेलेल्या परवडल्या, असं त्याला वाटलं. तो मागं वळलाही. मग तबल्याची थाप ऐकू आली... आणि पाय पुन्हा फिरले.

केराबाई चुलीपुढून उठत होती.

"काय राहिलं होतं न्यायचं?" तिनं विचारलं. "आता घरात वाजणारी एवढी परातच आहे."

"मावशी... काही तरी दे."

"कशाच्या बदल्यात?"

"बदल्यात काही नाही."

म्हातारीनं त्याला खालून वर न्याहाळलं. मग टोपलीवरचं फडकं काढलं. नव्या बाजरीची पहिली भाकरी होती ती, अजून वाफ येत होती. वेदीवर ठेवायला थापलेली.

"ही नको," सिलास घाबरून म्हणाला. "ही देवाची आहे."

"मग? माझ्याकडं दुसऱ्या कुणाचं काय असणार?"

त्यानं एक हात पुढं केला. केराबाईनं भाकरी मागं ओढली.

"दोन्ही हात कर. पडेल."

सिलासनं दोन्ही हात पसरले. देताना ते हात कधी असे उघडे पडले नव्हते. भाकरी तळव्यांवर आली, चटका बसला, तरी त्यानं ती सोडली नाही. आभार मानायला तोंड उघडलं, तर ज्या गळ्यानं तो मंडळी डोलवायचा, त्या गळ्यातून हूं की चूं निघालं नाही.

दुसरी घंटा.

तो धावतच देवळात शिरला. मंडळी खचाखच बसली होती. वेदीपुढं कणसांचे भारे, भोपळे, टोपल्या. बुवा पुढं उभे होते, हातात चिपळ्या. त्यांनी त्या सिलासपुढं धरल्या.

घेणार कशा? दोन्ही हातांत भाकरी.

"कुणी दिली?"

"केरामावशीनं."

बुवांचा चेहरा असा उजळला की पुढच्या रांगेतल्या माणसांना त्यांचा घसा सुटला असं वाटलं.

"खा."

"इथं? सगळ्यांपुढं?"

"खा."

तो खाऊ लागला. पोरं फिदीफिदी हसली. सगळ्यांना वाढणारा सिलास उपाशी माणसासारखा उभ्यानं खात होता आणि त्याचे डोळे वाहत होते. एवढ्यात केराबाई दारात आली. रिकाम्या हातांनी. सिलासनं कोपरानं तबल्याशेजारी ठेवलेल्या झांजेकडं खूण केली आणि भरल्या तोंडानं काही तरी बोलला. मंडळीला एक अक्षर कळलं नाही. केराबाईला कळलं. ती तरातरा पुढं आली, झांज उचलली आणि दणकन वाजवली. ठेक्याबाहेर.

सिलास लहान पोरासारखा हसला.

"बुवा, आता... सुरू करू का कीर्तन?"

"ते केव्हाच सुरू झालंय," बुवा म्हणाले. "घास गिळ."