सोजरचे अकरा सेकंद

"मग गुरुवारी तिला घरी ठेवायला सांगाल ना, बुवा? तुमच्या तोंडून एवढं जाऊ द्या."

वाकचौरे मास्तर उभ्यानंच बोलत होते. मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती गरगर फिरत होती.

हिरागिरी बुवा मठाच्या ओसरीवर सुपात हुलगे निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"बसा तरी, गुरुजी."

"बसायला वेळ नाही. आणि मला गुरुजी नका म्हणू, बुवा. तुमच्यापुढं मी कोण?"

"पोरं काय म्हणतात?"

"गुरुजीच म्हणतात."

"मग बसा, गुरुजी."

मास्तर बसले. बसले म्हणजे ओसरीच्या काठाला टेकले. एक बूट काढला, दुसरा पायातच.

मी खांबापाशी घायपाताचा दोर वळत होतो. मठाच्या विहिरीचा जुना दोर झिजला होता. दोराला पीळ सावकाश द्यावा लागतो. घाई केली की मधे कुठंतरी सैल राहतो, आणि नेमका तिथंच तुटतो.

मास्तर ज्या पोरीला घरी ठेवा म्हणत होते ती सोजर. माझी नात. तिसरीत आहे. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती माझ्यापाशी राहते. रोज सकाळी शाळेच्या आधी ह्याच विहिरीवरून दोन घागरी पाणी ओढून घरी नेते.

मास्तर जूनमध्ये ह्या शाळेवर आलेले. मला ओळखत नव्हते. बुवा ओळखत होते. मी पीळ घालत राहिलो.

"काय केलं पोरीनं?" बुवांनी विचारलं.

"काही केलं नाही, तोच तर घोळ आहे!" मास्तर परत उभे राहिले. "गुरुवारी वाचनाची परीक्षा आहे. साहेब येणार. एकेका पोरासमोर कागद धरणार आणि घड्याळ लावणार. मिनिटात साठ शब्द वाचले की पोर पास. माझी तेवीस पोरं आहेत, बुवा. बावीस पास होतायत. मी आलो तेव्हा ह्यातली निम्मी पोरं अक्षरांवर बोट ठेवून अडखळत होती. रविवारी बोलावलं, दिवाळीत बोलावलं. घसा फोडला."

"मेहनत केलीत."

"केली. आणि ही एक पोर एकोणपन्नासावर अडते."

"वाचता येत नाही?"

"येतं! सगळ्यांपेक्षा स्वच्छ वाचते. पण एका जागी थांबते. रोज. त्याच जागी. मोजलंय मी. अकरा सेकंद."

मास्तरांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि घाईघाईनं वाचायला लागले. "गंगा विहिरीवर गेली. तिने विहिरीत बादली सोडली… इथं. इथं थांबते. 'सोडली' म्हणते आणि गप्प. कागदाकडे बघत पण नाही. मग एकदम 'बादली भरली, तिने ती वर ओढली', आणि पुढं झरझर शेवटापर्यंत."

बुवांचा हात सुपात थांबला. मग परत फिरायला लागला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय नाही केलं ते विचारा. आधी वाटलं शब्द अवघड जातोय. तो शब्द लाल पेन्सिलनं रंगवला. ते वाक्य शंभर वेळा लिहून घेतलं. शेजारी हुशार पोरगी बसवली, ही थांबली की तिनं कोपर मारायचं. कोपर खाऊन खाऊन दंड हिरवा झाला, पण थांबायची सवय सुटली नाही."

सोजरचा दंड मी पाहिला होता. मी विचारलं तर म्हणाली होती, अभ्यास करताना लागलं.

"साहेब हाच कागद आणतील कशावरून?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "बातमी आहे. खात्रीची. म्हणून तर सगळ्यांकडून उतारा पाठ करून घेतलाय. बावीस पोरं डोळे मिटून म्हणतील."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटून!"

"मग कागद कशाला धरायचा?"

मास्तर हसले नाहीत. "थट्टा नका करू, बुवा. तिलाही पाठ आहे. गंमत ऐका, पाठ म्हणतानासुद्धा थांबते! त्याच जागी!"

"त्या अकरा सेकंदांत पोर काय करते?"

"काय करणार? थांबते."

"थांबून काय करते?"

"बुवा, ती काहीच करत नाही. नुसती उभी राहते."

"तुम्ही विचारलंत?"

मास्तरांनी मोबाइलवर किती वाजले ते बघितलं. "तेवीस पोरं आहेत. एकेकाला विचारत बसायला वेळ कुठाय?"

बुवांनी सुपातले हुलगे एकदा पाखडले. वाऱ्यानं थोडा कोंडा उडाला, मास्तरांच्या पँटीवर बसला. त्यांनी तो झटकला.

"लिहायचीही परीक्षा असते ना?"

इथं मास्तरांचा चेहरा जरा खुलला. "लिहिण्यात आपली शाळा पहिली येणार. 'माझे गाव', दहा ओळी. मी स्वतः तयार करून दिल्यात. 'माझे गाव सुंदर आहे. आमच्या गावातून नदी झुळझुळ वाहते…'"

"कुठल्या गावातून?"

"आपल्या."

बुवांनी मान वर करून माळाकडे पाहिलं. माळावर ऊन होतं, एक बाभळ होती आणि तिच्या खाली दोन शेरडं.

"नदी घातली की लिखाण उठून दिसतं, बुवा. तपासणारा खूश होतो."

"आणि त्या पोरीनं काय लिहिलं?"

मास्तर ओशाळल्यासारखे झाले. "नऊच ओळी. नदीची ओळ सोडून दिली. तेवढी जागा कोरी ठेवून पुढचं लिहिलं."

मला हसू आलं. मी दोर तोंडासमोर धरला.

"तर एवढं करा," मास्तर म्हणाले. "एकच दिवस. गुरुवारी तिला ताप आला म्हणून घरी ठेवायचं. गैरहजर पोर मोजत नाहीत. बावीसपैकी बावीस. शंभर टक्के. फ्लेक्स छापायला टाकलाय मी, तालुक्याचे लोक येणारेत."

"तिच्या घरी कोण आहे?"

"आजा आहे एक. अडाणी माणूस. शाळेच्या मीटिंगला कधी आला नाही. पण तुमच्या शब्दाबाहेर नाही, असं गावात म्हणतात. तुम्ही सांगितलं की तो का म्हणून विचारणार नाही."

"नाही विचारणार," बुवा म्हणाले. "आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी येऊ दे की शाळेत."

"येईल?"

मास्तरांना तो प्रश्न कळला नाही. मला कळला.

गेल्या आठवड्यात सोजरच्या आईचा फोन आला होता. पोरीचं शाळेत जमत नसेल तर इकडं उसाच्या फडावर आमच्या कोपीत पाठवून द्या, धाकट्याला तरी सांभाळील, म्हणाली. मी बघू म्हणालो होतो. सोजर दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्या उताऱ्याचा कागद उशाखाली घेऊन झोपायला सुरुवात केली.

आता मास्तरच घरी ठेवा म्हणाले, तर तिच्या आईला मी काय सांगणार होतो?

हातातला पीळ सैल पडला. मी तेवढा भाग उकलला आणि परत वळला.

"तुमच्या गावाला पाणी कसं आहे, गुरुजी?" बुवांनी विचारलं.

"आमच्याकडं? कालवा आहे. घरोघर नळ."

"विहिरीवर कधी गेलात?"

"गेलोय की. लहानपणी. पोहायला."

बुवांनी हं केलं. "बोलून बोलून घसा सुकला असेल."

"घोटभर पाणी मिळालं तर बरं होईल."

बुवांनी शेजारचा माठ कलता केला. तळाशी ओल होती, पाणी नव्हतं.

"रंभाजी, दोर झाला का?"

"झाला," मी म्हणालो.

मी उठलो. विहिरीवर जाऊन नवा दोर कप्पीवरून घेतला, टोकाला पोहरा बांधला. मास्तर मागून आले, एका पायात बूट. मी पोहरा उचलला तशी बुवांनी मान हलवली. मी पोहरा खाली ठेवला.

"ओढा, गुरुजी."

मास्तरांनी पोहरा सोडला. कप्पी करकरली. थोडा खाली गेला असेल, कडेच्या दगडाला लागून टणकन आवाज झाला. मास्तरांनी लगेच ओढायला सुरुवात केली. भराभर ओढला.

पोहरा वर आला. कोरडा.

मास्तरांनी त्यात पाहिलं, मग विहिरीत पाहिलं. "पाणी आहे ना हिच्यात?"

"आहे."

"खोल आहे का फार?"

"आठ परस," मी म्हणालो. "आठ माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी राहतील एवढी."

बुवा ओसरीवरून उतरून हळूहळू आमच्यापाशी आले. हात पुढं केला.

"ते तुमचं घड्याळ द्या बरं इकडं. ज्यानं पोरं मोजता ते."

मास्तरांनी मोबाइल दिला. "हे हिरवं दाबलं की सुरू. लाल दाबलं की बंद."

"तुम्ही पोहरा सोडा. मी हिरवं दाबतो."

पोहरा सुटला…

कप्पी फिरायला लागली. दोर मास्तरांच्या तळव्यातून सरकत होता. नवा दोर, हाताला चावतो. आधी ते बुवांकडं बघत होते, मग मोबाइलकडं. मग विहिरीच्या काठावर वाकले आणि खालीच बघत राहिले.

खाली अंधार असतो. पोहरा थोडा वेळ दिसतो, मग दिसत नाही. मग नुसता दोर जात राहतो.

आल्यापासून पहिल्यांदा मास्तरांची किल्ली वाजत नव्हती.

…

खालून आवाज आला. पाण्याचा.

बुवांनी लाल दाबलं. मोबाइल मास्तरांपुढं धरला.

"किती झाले? मला बारीक दिसत नाही."

मास्तरांनी पाहिलं. परत पाहिलं.

"बारा."

"पोरीला अकरा लागतात," बुवा म्हणाले. "तिचा हात बसलाय."

दोर मास्तरांच्या हातात तसाच होता. ते विहिरीच्या काठावर उभे होते, तोंड थोडं उघडं.

"ती… बादली खाली पोचायची…"

"ओढा आता. भरलाय."

मास्तरांनी ओढला. ह्या वेळी हळू. पोहरा वर आला तो काठोकाठ होता. थोडं पाणी त्यांच्या बुटावर सांडलं. त्यांनी ओंजळ धरली, मी ओतलं. ते बराच वेळ पीत राहिले. पिऊन झाल्यावरही ओंजळ तशीच धरून उभे होते.

मग म्हणाले, "तिचा आजा कुठं भेटेल?"

बुवांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"मघाशी मी तुम्हाला…"

"अडाणीच हाय मी, मास्तर. त्यात काय खोटं?"

"नाही, आबा." ते चिखलात बोटं बुडवून उभ्या असलेल्या आपल्या अनवाणी पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी सोजरला पाठवा. आणि त्या दंडाला तेल लावा जरा. कोपर आता कोणी मारणार नाही."

"लावतो," मी म्हणालो.

त्यांनी ओसरीवरून दुसरा बूट घेतला, घातला. मोटारसायकलवर बसले. किक मारली. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली.

फाटकात थांबली.

मास्तर उतरले आणि जवळजवळ पळतच परत आले. किल्ली परत बोटात फिरायला लागली होती.

"पण बुवा, साहेबांचं काय? मला कळलं, पण त्यांना कसं कळणार? अकरा सेकंद पोर गप्प उभी राहिली की ते तिच्या नावापुढं फुली मारतील आणि पुढच्याला बोलावतील. तेवीसातले बावीस. फ्लेक्सवर शंभर छापलंय! सगळा तालुका हसेल मला. आणि पोरीच्या नावापुढं ती फुली कायमची राहील. साहेबांना मी सांगू तरी काय?"

बुवा ओसरीवर चढले. बसले. सूप मांडीवर घेतलं. एक खडा सापडला, तो बाजूला ठेवला. मग दुसरा…

"त्यांची गाडी ह्याच वाटेनं येणार ना?"

"हो. दुसरा रस्ताच नाही."

"मग त्यांना सांगायचं काही नाही, गुरुजी. उन्हातून येतील. इथं थांबवा, पाणी विचारा. आणि दोर त्यांच्याच हातात द्या."