काठावरची साद

कातळवेढ्याच्या ओढ्यापलीकडे एका लिंबाखाली सखाहरी महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, कुडाच्या दोन खोल्या आणि शेणानं सारवलेलं अंगण. महाराज त्या अंगणात बसत आणि येईल त्याचं ऐकत. त्यांचं बोलणं थोडं. पण त्यांच्याशी बोलून उठलेल्या माणसाची पावलं हलकी पडत, असं जुनी माणसं सांगत.

त्या वर्षी अमृतराव देशमुखांनी मळ्यात विहीर काढायला घेतली. खोदकामाला वडारांची टोळी आली. टोळीचा मुकादम हणमंता, आणि त्याच्याबरोबर त्याची विधवा वहिनी नरसाबाई. नरसाबाईचं काम एकच. दिवसभर विहिरीच्या काठावर बसायचं, भिंतीवर नजर ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळानं खाली साद घालायची, "हाय का रं?" खालून "हाय!" आलं की पुन्हा गप्प. भिंतीतून चिमूटभर मुरूम जरी गळला तरी ती सगळ्यांना वर बोलवी. दहा वर्षांपूर्वी तिचा नवरा अशाच एका विहिरीत गाडला गेला, तेव्हा काठावर कुणी नव्हतं.

कामावरून सुटली की ती मठात येई. एकदा तिनं विचारलं, "बाबा, मला वाचता येत न्हाई, भजन येत न्हाई. मी देवाचं काय करू?"

महाराज म्हणाले, "तू साद घालतेस ना? तेच कर. खालच्याला एकटं वाटू द्यायचं नाही."

अमृतरावांना मात्र ते बसणं डोळ्यांत खुपे. "काय म्हातारे, झाली का झोप?" ते येता-जाता म्हणत. "बाकीच्यांच्या हाताला घट्टे, आणि हिच्या बुडाला."

नरसाबाई म्हणे, "व्हय मालक, मोठालं घट्टं हायेत," आणि पुन्हा भिंतीकडे बघे.

आठ पुरुष खोलीवर पाणी लागलं. दुसऱ्या दिवशी पूजा ठरली. पहिलं पाणी मालकानं एकट्यानं खाली उतरून ओंजळीत घ्यायचं, अशी तिथली रीत. अमृतराव नारळ, हळदकुंकू घेऊन आले आणि काठावर नरसाबाई दिसताच थबकले.

"आज शुभदिवस आहे. ह्या रांडमुंड बाईला इथून उठवा."

हणमंता म्हणाला, "मालक, भित कच्ची हाय. वयनीला बसू द्या."

"पूजा होईपर्यंत मला तिची सावली नको."

नरसाबाई मुकाट्यानं उठली आणि लांब बाभळीखाली जाऊन बसली. अमृतराव दोराला बांधलेल्या फळीवर बसून खाली उतरले. काठावर पाहुणे होते, वाजंत्री होते, पण भिंतीकडे बघणारं कुणी नव्हतं. मुरूम आधी थोडा थोडा गळत असणार. तो कुणालाच दिसला नाही. मग एकदम पूर्वेची बाजू ढासळली.

धूळ बसल्यावर हणमंता दोरावरून खाली जाऊन बघून आला. दोन मोठे धोंडे एकमेकांना टेकून अडकले होते आणि त्यांच्या खालच्या पोकळीत अमृतराव जिवंत होते. "पर मालकांनी धोंड्याला हात लावला तर तो खाली बसंल," तो म्हणाला. "आम्ही वरनं मोकळं करत जाऊ, पर तवर त्यांनी हलता कामा नये."

काठावर चाळीस माणसं एकदम ओरडू लागली. "घाबरू नका!" "आत्ता काढतो!" "देवाचं नाव घ्या!" आणि खालून धोंडा ढकलल्याचा आवाज येऊ लागला.

तेवढ्यात नरसाबाई पळत आली. आपल्या जागी पालथी झोपून तिनं डोकं आत घातलं आणि मागे हात करून सगळ्यांना गप्प केलं.

"मालक, मी नरसा. ऐकू येतं का?"

बऱ्याच वेळानं आवाज आला. "काढा मला. लवकर काढा."

"काढत्यात. पर लवकर न्हाई व्हायचं. दिवेलागण होईल."

शेजारी उभे असलेले अमृतरावांचे मेहुणे चिडले. "अगं, असं सांगतात का? आत्ता काढतो म्हण."

"आन् आत्ता न्हाई निघालं तर? मग माझं काय ऐकत्याल ते?" एवढं बोलून ती पुन्हा खाली वाकली. "मालक, डोक्यावरचा धोंडा ढकलू नका. पायाला पाणी लागतंय का?"

"घोट्यापर्यंत आहे. तू... तू उठलीस ना तिथून?"

"आता न्हाई उठत. लई भ्या वाटलं तर मला शिव्या द्या. पर हात हलवू नका."

त्यानंतर ती बोलतच राहिली. हणमंता कुठला दगड बांधतोय, कुठली पाटी वर आली, पाणी अजून किती खाली आहे, जे दिसेल ते खरं खरं सांगत राहिली. धोंड्याचा आवाज थांबला. मधूनमधून खालून "हो" येई.

दुपार कलली. धूळ घशात जाऊन जाऊन नरसाबाईचा आवाज आधी घोगरा झाला आणि मग पार बसला. ओठ हलत होते, पण शेजारी बसलेल्यालाही काही ऐकू येईना. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बाबा," एवढंच ती मनात म्हणाली आणि ओठ हलवत राहिली.

आणि खालून, आठ पुरुष खोलीतून, उत्तर आलं, "हो, ऐकतोय. घेतो मान खाली."

हणमंताच्या अंगावर काटा आला. पाणी छातीपर्यंत चढलं, तरी अमृतराव हलले नाहीत. दिवे लागता लागता दुसरा धोंडा वर आला आणि त्याच्या मागोमाग अमृतराव.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते मठात गेले. महाराजांना दंडवत घालून म्हणाले, "आपल्या कृपेनं वाचलो."

महाराजांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

शिष्य गोदाजी म्हणाला, "काल दुपार कलल्यापासून महाराज ह्या लिंबाखाली एकटेच बोलत बसले होते. 'मालक, आता डावा धोंडा बांधला. मान खाली घ्या.' मी ताट आणलं, ते तसंच राहिलं. दिवे लागल्यावर थांबले, तेव्हापासून घसा बंद आहे."

अमृतरावांनी पुन्हा हात जोडले. मग महाराजांनी बोट दाखवलं. अंगणाच्या कडेला नरसाबाई गरम पाण्याचा पेला धरून बसली होती. तिचाही घसा बंदच होता.

अमृतराव उठून तिच्यापुढे गेले. ती गडबडीनं पाय मागे घेऊ लागली.

"आई," ते म्हणाले, "तुला काठावरून मी उठवलं. काल तिथं मला अंधाराचं भय वाटलं नाही, पाण्याचं वाटलं नाही. दिवसभर एकच वाटत होतं, ही आता उठून जाईल."

नरसाबाईनं मान हलवली, नाही म्हणून.

तेव्हा ज्या देशमुखाला तिची सावलीही नको होती, त्यानं मुरमानं फुटलेल्या तिच्या पावलांवर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ ते उचललं नाही.