कुंपणाची बाहेरची बाजू

हे कोणाला सांगू नका, असं बाईंनी बजावलंय. पण मला गप्प बसवत नाही.

शाळेच्या मैदानाभोवतीची तारेची जाळी रंगवायचं काम संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी आम्हा मुलींवरच टाकलं. मुलगे क्रिकेट खेळत होते. "मुलींना रांगोळीची सवय असते," म्हणे. वर अट अशी, की दोन्ही बाजू रंगवल्याशिवाय खो-खोच्या अंतिम सामन्याला जायचं नाही.

ब्रशने एकेक तार रंगवली असती तर सामना बुडालाच असता. आमची कर्णधार तबस्सुम हिने जाड लोकरीचा रोलर आणला. तो आतून दाबून फिरवला, की लोकर भोकांतून पलीकडे जाते आणि तारेला चहूकडून रंग लागतो. आमचं काम लवकर संपलं.

जाळी चंदेरी आणि रंगही चंदेरी. बापूसाहेब बाहेरून बघून म्हणाले, "एकही मुलगी इकडे आली नाही. ही बाजू कोरडीच आहे. सामना विसरा."

तबस्सुम शांतपणे म्हणाली, "साहेब, एवढी खात्री आहे तर पाठ टेकून दाखवा. जाकीट स्वच्छ राहिलं तर आम्ही जात नाही."

ते ऐटीत टेकले. वळले तेव्हा काळ्या जाकिटावर चंदेरी शंकरपाळे उमटले होते.

"आता जाऊ ना, साहेब? बाहेरची बाजू तुम्ही स्वतःच तपासलीत."

"जा," म्हणत त्यांनी जाकीट काढलं. बाई मात्र आम्हालाच रागावल्या, मोठ्यांशी असं बोलू नये म्हणून. मोठ्यांनी खात्री न करता काहीही बोलावं, आणि आम्ही मात्र—

"पूर्वा, चल गं, सामन्याची गाडी सुटतेय."