ठकूच्या खाचरात

“नवस बोललीस तेव्हा सुदामला विचारलं होतंस का, चांगुणे?”

शेताच्या कडेला असलेल्या भैरोबाच्या पायरीवर केदारबुवा बसले होते. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

चांगुणा गोंधळली. पोटच्या पोराला काय विचारायचं? गेल्या साली सुदाम बायकोला घेऊन शहरात इमारतीच्या कामावर गेला, त्या दिवशी याच पायरीवर पदर पसरून ती बोलली होती, ‘देवा, पुढच्या लावणीची पहिली मूठ माझ्या सुदामच्या हातची. तोवर तांदळाचा दाणा तोंडात घालणार नाही.’ व्रतवैकल्यांत तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“वर्ष नाचणीवर काढलं, बुवा. पण तो म्हणतो, स्लॅब भरून झाल्याशिवाय मुकादम सोडत नाही. इकडे रोपं वाफ्यातच जून व्हायला लागली. शेंडे पिवळे पडले. आणखी थांबले तर लावून काय उपयोग?”

“ठकूला हाक मार.”

“तिचा नवराही तिकडंच. ती आपल्या बांधावर वाट बघत बसलीय. खालच्या अंगाला बायजा, तीही तशीच.”

“पूर्वी सावड घालायचात ना? आज सगळ्या हिच्याकडे, उद्या तिच्याकडे...”

चांगुणाचे डोळे भरून आले. ती नवी नवरी होती, तेव्हा डोईवर इरली घेतलेली बायकांची रांग एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सरकायची. या बांधावर सुरू झालेलं गाणं त्या बांधावर पुरं व्हायचं. कुणाचं खाचर कुठं संपलं, पायांना कळायचंच नाही. आता परगावचा पॉवर टिलर येतो, चिखल करतो, निघून जातो. मागं नुसतं पाणी.

“तेव्हा घरात माणसं होती, बुवा. आता मी एकटी. आमचं रान मोठं, ठकूचं टीचभर. ती माझ्याकडे कितीतरी दिवस राबणार, मी तिच्याकडे एकच. मला नको ते मिंधेपण.”

बुवांनी डोळे उघडले.

उठले. काठी टेकत चांगुणाच्या वाफ्याशी गेले. रोपांची एक मूठ उपटली, बांध ओलांडला आणि ठकूच्या चिखलात उतरून वाकले.

“अहो बुवा, ते खाचर ठकूचं!”

“असं होय?”

एक रोप लावलं.

“आणि रोपं माझी!”

“असं होय?”

दुसरं लावलं. तिसऱ्याला म्हाताऱ्याचा झोक गेला.

चांगुणाला राहवेना. लुगडं खोचून ती धावली, बुवांच्या हातातली मूठ घेतली. मग तिचे हात जुन्या सवयीनं आपसूक चालू लागले...

ठकू ओरडतच आली.

“कोण गं ते माझ्या रानात? अगंबाई, चांगुणाक्का! वाट चुकलीस, का नवस फिटला?”

“मोडला! बघत काय उभी राहिलीस? रोपं आण.”

ठकू हसली. उतरली. गाणं कुणी सुरू केलं, कळलं नाही. पुढचं कडवं दोघींनाही आठवेना, तेव्हा त्यांनी नुसता सूर धरला. बांध ओलांडून आपण चांगुणाच्या खाचरात कधी आलो, हेही त्यांना कळलं नाही.

दुपारी ठकूनं फडकं सोडलं. तांदळाची भाकरी, वर लसणाची चटणी. चांगुणानं हात मागं घेतला.

“पहिली मूठ सुदामच्या हातची नाही, बुवा. मी कशी खाऊ?”

“सुदाम आज काय करतोय?”

“स्लॅब भरतोय. कुणाच्या तरी घराचा.”

“कुणाच्या?”

“काय ठाऊक... त्यालाही माहीत नसेल.”

बुवांनी ठकूच्या खाचरातल्या हिरव्या ओळींकडे बोट केलं. मग भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी चांगुणाच्या तळहातावर ठेवला.

“खा. त्याचीही मूठ आज परक्याच्याच घरात लागलीय. आणि मग खाली जा. बायजा अजून बांधावरच बसलीय. तिच्या रानात एक मूठ लाव, आणि तिला म्हण, बाई, आता तू शेजारणीच्या लाव.”