वारुळाच्या दारातला खोळंबा

विषय: काम आटोपून दारात अडकलेल्या मुंग्यांबाबत.

फार पूर्वी एका वारुळात नियम होता: कामावरून परतलेल्या मुंगीने, राणी "काय झालं?" असं विचारेपर्यंत दारातच उभं राहायचं. राणी एकीमागून एक मुलगी कामाला धाडी. परतलेल्यांना विचारायला तिला सवड नसे. दार भरत गेलं.

एके दिवशी ओढ्याचं पाणी चढलं.

"अंडी बाहेर न्या! शंभर जणी पाठवा!" राणी ओरडली.

"नेऊ कुठून, राणीसाहेब? दारात मुंगी शिरायला जागा नाही," दारावरची धोंडामावशी म्हणाली. "आधी या पोरींना विचारून मोकळं करा."

"माझी अंडी बुडतायत आणि तुला चौकश्या सुचतायत! लेखी अर्ज कर."

मावशीने अर्ज केला. पाणी अंड्यांपर्यंत पोचलं आहे. अर्ज विचाराधीन आहे.