चार राज्यांचा एकच ढीग

"मिरी एकाच बंदरात विकायची, मग चार राज्यांच्या होड्या शर्यत कशाला लावतात?" धाकू नेहमी विचारी. आधी पोहोचलो तर भाव बरा मिळेल, या आशेने त्याच्या थोरल्या भावाने वादळात होडी घातली आणि तो बुडाला. किनाऱ्याला लागलं ते फक्त त्याचं वल्हं.

त्याच्या जागी राज्याने धाकूला मिरीचा सौदा करणारा वकील म्हणून धाडलं. बंदराचा मंत्री दर वर्षी चारही वकिलांना वेगवेगळं बोलावी आणि बाकीचे तिघे निम्म्या भावाला तयार आहेत, असं प्रत्येकाला सांगे. मग प्रत्येक जण घाबरून कबूल होई.

वखारीत बाकीचे वकील भांडत होते, आधी कुणाची होडी लागली म्हणून. धाकूचं डोकं फिरलं. त्याने कोयता घेऊन सगळ्यांची पोती फाडली. मिरीचा एकच ढीग झाला.

"अरे मूर्खा, आता कुणाची कुठली हे ओळखायचं कसं?" एका म्हाताऱ्या वकिलाने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मंत्र्याने धाकूला आत बोलावलं. "बाकीचे तिघे निम्म्या भावाला तयार आहेत. तुझं काय, पोरा?"

"माझा पुरा भाव, सरकार. त्यांची स्वस्त मिरी तेवढी ढिगातून निवडून घ्या."

मंत्र्याने खिडकीतून वखारीतला ढीग पाहिला. त्याची जहाजं मिरीवाचून खोळंबली होती. त्याने चौघांना एकत्र बोलावलं आणि पुरा भाव दिला.

पुढच्या हंगामासाठी चार राज्यांनी मिळून एक गलबत बांधलं. धाकूने त्यात भावाचं वल्हं ठेवलं आणि तो घरी गेला.