पाठवणीची घागर

कधीचं विचाराल तर फार मागचं, आणि कुठलं विचाराल तर एका नदीकाठचं. नदीवर दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. वरच्या गावात गोजरा नावाची रंगारीण राहायची. हाताला अशी गुणाची, की तिनं रंगवलेलं तांबडं लुगडं जीर्ण होऊन फाटलं तरी रंग सोडत नसे.

आधी ते गाव कोरड्या भाकरीलाही महाग होतं. मग गोजराच्या लुगड्यांचं नाव दूरच्या बाजारात झालं. व्यापारी बैल घेऊन दारात येऊ लागले आणि रंगाच्या एका कढईच्या चाळीस कढया झाल्या. घरांवर कौलं चढली, पोरांच्या ताटात दूधभात आला. हे चांगलंच झालं, बरं का. उपाशी पोटाला शहाणपण शिकवणाऱ्यांतला मी नव्हे.

पण कढया वाढल्या तसं रंगाचं उरलेलं पाणीही वाढलं. तुरटी, चुना, हिराकस, सगळं नदीत. पाणवठ्यावर तांबूस पाणी दिसू लागलं, तेव्हा गावानं पाणवठा शंभर पावलं वर नेला. पुन्हा दिसलं, पुन्हा वर नेला. असं तीनदा झालं. दरवेळी नारळ फोडला, गूळ वाटला आणि आपण काय हुशार म्हणून एकमेकांची पाठ थोपटली. नदी पुढं कुणाच्या दारात जाते, ते कुणी पाहिलं नाही. दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय.

गोजराची एकुलती एक लेक भिवरा खालच्या गावात दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली. आजीच्या मांडीवर तीन महिन्यांत ते लेकरू कसं गुटगुटीत झालं.

मग पाठवणीचा दिवस उजाडला. त्या गावची रीत अशी, की बाळंतीण सासरी निघताना तोंडानं जे मागेल ते आईनं द्यायचंच. कुणी पाटल्या मागे, कुणी दुभती गाय. गोजरानं दोन्हींची तयारी करून ठेवली होती.

"काय देऊ, बाय?" तिनं विचारलं.

भिवरा खाली मान घालून म्हणाली, "आई, एक घागर पाणी दे."

जमलेल्या बाया हसल्या. एक शेजारीण म्हणाली, "अगं, तुझं सासर काय माळावर आहे? हीच नदी ना तुमच्याही दारात?"

"नदी हीच आहे, मावशी. पण तिकडं पोरांच्या अंगावर फोड उठतात. पाण्यासाठी माणसं दोन कोस झऱ्यावर जातात, तिथून मला तरी रोज कोण आणून देणार? ही घागर पुरेल तेवढे दिवस लेकीला चांगल्या पाण्यानं न्हाऊ घालीन."

"इतके दिवस बोलली का नाहीस?" गोजरानं विचारलं.

"आमच्या गावानं दोनदा निरोप धाडला होता, आई. तुम्ही म्हणालात, पाणवठा वर न्या. आमच्या वर तुमचं गाव आहे."

गोजरानं घागर भरली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि लेकीला वेशीपर्यंत पोचवलं. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया वरच्या पाणवठ्याकडं निघाल्या. गोजरा मात्र कढयांच्या खालच्या अंगाला गेली. तिथलंच पाणी तिनं भरलं, त्यातच भात शिजवला आणि जेवली. तिसऱ्या दिवशी तिनं अंथरूण धरलं.

पाटील धावत आले. "गोजराबाई, हे काय खूळ? कढया बंद करून पुन्हा कोरडी भाकरी खायची का?"

"कढया बंद करा म्हणतंय कोण, पाटील? माझंही पोट त्याच्यावरच आहे. पण आपला पाणवठा कढयांच्या खाली न्या. नेत नाही तोवर मी हेच पिणार."

म्हातारी चळली, असं गाव म्हणालं. पण चाळीस कढयांत तांबडा साधून देणारा हात तिचाच होता. तो गेला तर बाजार कुठला? नाइलाजानं आठवड्याभरात पाणवठा खाली आला.

आणि मग गंमत बघा. वर्षानुवर्षं जे कुणाला सुचलं नव्हतं, ते चार दिवसांत सुचलं. एकाखाली एक तीन खड्डे खणले, त्यांत वाळू आणि कोळसा भरला, रंगाचं पाणी त्यांतून गाळूनच सोडायचं ठरलं. खाली उरलेला गाळ नदीपासून दूर पुरू लागले. काम हळू झालं, लुगडी कमी निघाली, काही घरांची कौलं दोन वर्षं लांबली. उपाशी मात्र कुणी राहिलं नाही.

खालच्या गावची नदी निवळायला तीन पावसाळे गेले. तोवर भिवराच्या लेकीच्या पाठीवर फोड येऊन गेले होते, त्यांचे डाग राहिले ते राहिलेच. ती आजोळी आली की गोजरा तिला न्हाऊ घाली आणि त्या डागांवरून हात फिरवी.

म्हणून, लहानथोर हो, माणसानं खुशाल श्रीमंत व्हावं, पण पाणी प्यावं ते आपल्याच कामाच्या खालच्या अंगाचं.